वात नव्हता

“मावशी, आई गेली…” पाच आठवड्यांपूर्वी सकाळी माझी भाची फोनवर एवढेच बोलू शकली. त्या वेळी मी महाल भागातल्या माझ्या घरी तिळाचे तेल गाळून बाटलीत भरत होते. पाय चोळायला प्रमिलानेच ते आदल्या दिवशी मागितले होते.

प्रमिला माझी धाकटी बहीण. शहराच्या टोकाला, वाडी भागात राहायची. हैदराबादच्या लग्नाहून ती बसने परतली, बारा तास एकाच जागी बसून. तिसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखू लागली. शेजारणीने लगेच निदान केले, “वात आला वं.” आमच्याकडे गुडघा दुखो, कंबर धरो, पायाला मुंग्या येवोत, सगळ्याला हा एकच शब्द. तो उच्चारला की विचार थांबतो. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. रक्ताभिसरणाचा तक्ता टांगून, पायातले रक्त हृदयाकडे आणि तेथून फुप्फुसांकडे कसे जाते, हे प्रत्येक वर्गाकडून वदवून घेतले. फोनवर मी प्रमिलाला विचारलेही, “दोन्ही पाय दुखतात का?”

“एकच दुखून राहिला. किती मार्क देशील मले?” ती हसली. “रिटायर झाली, पण तुझा तास काही संपून नाही राहिला वं ताई!”

योग्य प्रश्न विचारला, योग्य उत्तर मिळाले, आणि मी म्हणाले, “वातच असेल, चोळून घे.”

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता गोळ्या लिहून दिल्या. साडी जरा वर घ्या, असे ते म्हणाले नाहीत; हिनेही घेतली नाही. पाय दाखवायला गेलेल्या बाईचा पाय कोणीही पाहिला नाही! त्या लाजेचा मला संताप येतो, त्या डॉक्टरांचा येतो, आणि सर्वांत जास्त माझा.

आठव्या दिवशी आंघोळ करून येताच तिला धाप लागली. रामदासपेठेतल्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत सारे संपले होते. पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकली, असे तेथे सांगण्यात आले.

म्हणून स्पष्ट लिहिते. चालताना पोटरी दुखते आणि उभे राहिल्यावर दुखणे थांबते, तेव्हा रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. कंबरेपासून पावलापर्यंत कळ जाते, तेव्हा मणक्यातली नस दबलेली असू शकते. दोन्ही वेळा डॉक्टरांकडे जावे. परंतु एकच पाय दुखतो, सुजतो, गरम लागतो, तेव्हा तो चोळू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि पाय उघडून दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखले, तर क्षणही दवडू नका.

गेल्या रविवारी भाचीबरोबर प्रमिलाच्या वस्तू आवरल्या. दाराशी तिच्या बक्कलाच्या चपला होत्या. उजवीचा पट्टा नेहमीच्या भोकात होता. डावीच्या पट्ट्याला मात्र, अगदी टोकाशी, पट्टा सैल करायला दाभणाने पाडलेले एक नवे भोक होते.

“आईनंच पाडलं,” भाची म्हणाली. “म्हणे, चप्पल धुतली तं आखडली…”