सलीमची कुलूपबंद लाइन

लॅबच्या दारात स्टूल टाकून बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, पायाशी येऊन पडतात. मी शाळेत गेलो नाही. अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून जमवली, तीही मराठीच. मूल गावच्या या लॅबमध्ये मी शिपाई.

चामोर्शीच्या शाखेतून रक्ताचे रिपोर्ट आमच्याकडे नेटवरून येतात. एकदा एकाचा रिपोर्ट वाटेतच कोणीतरी वाचला, गावभर झाला. डॉक्टरबाईंनी नेटवर्कवाल्या सलीमला सांगितलं, "अजून एक रिपोर्ट बाहेर गेला, तर तुही नोकरी गेली!"

सलीमनं लाइनीला कॉम्प्युटरचं कुलूप लावलं, किल्लीशिवाय रिपोर्ट वाचताच येऊ नये असं; वर शिक्का.

*

मी विचारलं, "कुलूप तं समजलं. शिक्का कायले?"

"वाटेत कोणी हात लावला का, ते कळते भाऊ."

"हात्तिच्या! आम्ही ढिवर मासोळीच्या टोपलीले घरची गाठ बांधतो. गाठ दुसरी दिसली का घेणारा टोपली वापस करते."

सलीम हसला. "अन् मी यासाठी सहा महिने कोर्स केला!"

*

दोन्हीकडच्या मशीनीत एकच गुप्त किल्ली टाकायची होती. फोनवर सांगायची नाही, मेलवर धाडायची नाही. सलीमनं त्या किल्लीच्या इंग्रजी अक्षरांचा कागद माझ्या खिशात घातला अन् मला चामोर्शीच्या बसमध्ये बसवलं.

"मलेच काऊन?"

"तुमाले इंग्रजी येत नाई भाऊ. तुमच्याएवढा सेफ माणूस लॅबमध्ये दुसरा नाई!"

*

एकदा वीज गेली अन् आमच्या मशीनचं घड्याळ एक दिवस मागं पडलं. चामोर्शीचा एकही रिपोर्ट, सलीमच्या भाषेत पाकीट, मशीन घेईना.

सलीम डॉक्टरबाईंना म्हणाला, "मॅडम, मशीन म्हणून राह्यलं, उद्याचं पाकीट आज कसं आलं?"

"त्याले सांग, पेशंट आजचा आहे!"

*

मग नागपूरचे तपासनीस साहेब आले. त्यांच्या शेऱ्यावर सलीमची नोकरी. साहेबांनी लाइनीच्या मधेच लॅपटॉप जोडला, पाकिटं पकडली. आत सगळं गिचमिड! एक अक्षर बदलून पुढं सोडलं, तर मशीननं ते पाकीट फेकूनच दिलं. सलीमनं कपाळाचा घाम पुसला. साहेबांनी 'पास' लिहायला पेन काढला.

तेवढ्यात डॉक्टरबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली अन् रांगेच्या टोकाला हाक मारली, "ओ शांताबाई! शुगर तीनशे निंगाली तुमची! गोड खाणं काऊन सोडत नाई?"

अख्खी रांग शांताबाईकडे वळली.

साहेबांचा पेन थांबला. त्यांनी तो खिडकीकडे रोखला. "ही लाइन कोणी टाकली?"

सलीम उभा राहिला. "सर, ही माह्या आधीपासून आहे!"