तिसऱ्या मजल्यावरची बोअर

धम्मपाल पगारे तिसऱ्या मजल्यावर, राहत्या घरात, दार लावून बोअर मारतोय अशी बातमी आमच्या इमारतीत उठली होती. कुणी उठवली ते विचारू नका. मी ती फक्त जिन्याने खालपर्यंत नीट पोचवली. माणूस पाटबंधारे खात्यात कारकून, त्यात उन्हाळ्यात आमच्या टाकीला पडणारी कोरड. एवढ्यावर बातमी छान मांडी घालून बसली. शिवाय पुरावा होता. मी त्यांच्या घराच्या थेट खाली राहतो. संध्याकाळ झाली की आधी आमच्या मांडणीवरचे स्टीलचे डबे थरथरायचे. मग छतातून 'हूंऽऽ' असा आवाज उमटायचा, चढत चढत जायचा, शेवटी त्याची शिट्टी व्हायची आणि बंद. जरा कुठे श्वास घ्यावा तर पुन्हा पहिल्यापासून.

"पाणी लागलं की शिट्टी होते वाटतं," माझी बायको सरोजिनी म्हणाली.

शेवटी मी वर जाऊन बेल दाबली. धम्मपालने दार उघडलं ते चार बोटांपुरतं.

"पगारे, पाणी किती फुटांवर लागलं?"

"कसलं पाणी, यज्ञेश्वरराव? आत या, पण जपून. वायरवर पाय देऊ नका. आणि खाली कुणाला सांगू नका."

खाली सांगू नका हे मला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. असो. आत बोअर नव्हती. कपाटाएवढ्या दोन काळ्या पेट्या होत्या, उंच स्टँडवर दोन स्पीकर होते, टेबलावर लॅपटॉप, आणि खोलीच्या मधोमध पेन्सिलीएवढा बारीक माइक हवेत टांगलेला. लॅपटॉप आवाज सोडायचा, माइक तो ऐकायचा आणि पडद्यावर रेघ उमटायची. ती 'हूंऽऽ' म्हणजे मोजणी होती. आमच्या बोअरला असं पहिल्याच दिवशी कोरडं भोक निघालं.

धम्मपाल मुळातच काळजीचा कारखाना. कुलूप लावलं की ते ओढून बघणार, गेटपर्यंत जाऊन परत येऊन ओढणार. बायको छाया म्हणते, गॅस बंद केला हे तिला रोज मोठ्याने म्हणून दाखवावं लागतं. पण त्या दिवशी त्याच्या कपाळावरचा घाम कुलपाचा नव्हता. तो आईचा होता.

त्याची आई भिमाबाई. तरुणपणी गायन पार्टीत होती. मनमाडपासून सटाण्यापर्यंत गावोगाव भीमगीतं गायली, तीही माइकशिवाय. "आमच्या वक्ताला माइक नव्हता, नरडं व्हतं," असं ती अजून ऐकवते. कॉलनीतल्या विहारात भीमजयंतीच्या आदल्या संध्याकाळी पहिलं गाणं तिचंच, हा रिवाज. जुने ढोलकीवाले चिमाजी थकून गावी गेले आणि त्यांच्या जागी प्रफुल्ल नावाचा पोरगा ऑक्टोपॅड घेऊन आला. ऑक्टोपॅड म्हणजे रबरी पाट. काठीने बडवला की ढोलकीचा आवाज निघतो, पण पाटातून नाही, स्पीकरमधून.

आणि गेल्या वर्षी भर गाण्यात भिमाबाई थांबली. ताल सापडेना. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. बायकांनी टाळ्या वाजवून सांभाळून घेतलं, पण टाळ्यांत कीव होती आणि कीव काय असते ते म्हातारीला कळतं. पुढे विहार समितीचे अध्यक्ष सहादू तात्या घरी आले. "भिमाक्का, यंदा तुमचा सत्कार ठेवू. शाल, फुलं. गाण्याची दगदग कशाला?"

सत्काराचं नाव काढल्यावर ती म्हातारी दोन दिवस जेवली नाही असं छायाने सरोजिनीला सांगितलं. मी तिथेच होतो, म्हणजे भिंतीपलीकडे.

विहारातले माइक-स्पीकर हौसेने धम्मपालच सांभाळतो. त्याचं म्हणणं असं की चूक आईची नाही, हॉलची आहे. "दोन तऱ्हेचे स्पीकर असतात, यज्ञेश्वरराव. खर्जाची ही मोठी पेटी, सबवूफर. आणि बाकी सगळा आवाज त्या स्पीकरचा. मधल्या भागात दोघंही बोलतात. एकाचा आवाज उशिरा पोचला तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. आवाज तिथल्या तिथे मरतो. हे बघा." रेघेत खोल खड्डा होता, पावसाळ्यानंतर आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर असतो तसा. "ढोलकीची घुम नेमकी इथे जाते."

"मग आवाज वाढवा की!"

"गेल्या वर्षी तेच केलं. जितका वाढवाल तितकाच मरतो. हा खड्डा भर टाकून बुजत नाही."

म्हणून समितीकडून दुरुस्तीच्या नावाखाली सगळं सामान घरी आणून तो मोजत बसला होता. कुठल्या स्पीकरला किती क्षण थांबवायचं, कुठून कुठपर्यंत कुणी बोलायचं, हे सगळं लॅपटॉपवरून ठरवायचं. चार संध्याकाळी डबे थरथरवून त्याने रेघ सरळ केली. मी पुन्हा वर गेलो आणि म्हटलं, "झालं की! आता तोंड का असं?"

त्याने माइकची वायर पुन्हा एकदा ओढून बघितली. मग हळूच म्हणाला, "रेघ सरळ आली आणि आई तरीही थांबली, तर?"

 चहा पिऊन खाली आलो.

तालमीच्या दिवशी सामान विहारात गेलं. सबवूफर मात्र मागे, दाराशी, चपलांच्या मांडणीजवळ. मूर्तीच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोच्या पुढे काळ्या पेट्या ठेवायच्या नाहीत, हा सहादू तात्यांचा नियम. "पुढं फुलं मांडायची. खोकी नाय." स्पीकर पुढे, भिंतीवर. पेट्या अशा लांब गेल्यावर घरची जुळवणी इथे कामाची नव्हतीच. धम्मपालने मागे आपल्या टेबलापाशी माइक रोवून नव्याने मोजलं. रेघ पुन्हा सरळ. त्याने मला बोटाने खूण केली. मी मागच्या खुर्चीवर होतो, गुडघ्यांमुळे मला सतरंजी झेपत नाही. ढोलकी अशी घुमत होती की खुर्चीला पाय फुटावेत.

भिमाबाई पुढे, मूर्तीच्या डाव्या बाजूला सतरंजीवर बसली. गाणारं खालीच बसणार, मूर्तीपेक्षा वर कुणी नाही. तिने डोळे मिटले, सूर लावला. पहिली ओळ गेली. दुसरीच्या मध्यावर आवाज चाचपडला. मान हलली, हात मांडीवर ठोका शोधू लागला. थांबली.

 सहादू तात्यांनी वर पंख्याकडे बघितलं. मी धम्मपालकडे बघितलं नाही.

"बास आता, धम्मा," ती माइकमध्येच म्हणाली. "माझंच चुकतंय. शाल आणा तुमची."

तो टेबल सोडून पुढे गेला.  तिला उठवायला तो तिच्या शेजारी खाली बसला, तिच्या काखेत हात घातला, आणि तसाच राहिला. प्रफुल्ल पोरगा आपला ओशाळून हळूहळू पाट बडवतच होता.

"आई, ढोलकी येती का तुला?"

"वरची टिकटिक येती. खालचं नाय येत. मला वाटलं कानच गेलं."

"मलाही नाही येत," धम्मपाल म्हणाला. आणि तो माणूस, जो कुलूप तीनदा ओढतो, तिथे सतरंजीवर हसायला लागला. छाया घाबरून धावली.

शहाण्याने सगळ्या मोजण्या स्वतःच्या टेबलापाशी केल्या होत्या! गाणारी बसते पुढे, हा मोजतो मागे, चपलांजवळ. मग पेन्सिलीएवढा माइक भिमाबाईच्या जागी, तिच्या कानाच्या उंचीवर आला. 'हूंऽऽ' झाली. पडद्यावर तोच खड्डा, आख्खी रिक्षा जाईल एवढा. पाठीमागून येणारा खर्ज तिच्यापर्यंत उशिरा पोचत होता. धम्मपालने पुढच्या स्पीकरना लॅपटॉपवरून किंचित थांबवलं, पापणी लवायच्याही आत, मागच्यांची वाट बघायला लावली. पुन्हा मोजलं, पुन्हा थांबवलं. भिमाबाई भिंतीला टेकून बघत होती. "पोरगं माझ्या जागंवर काठी पुरून बसलंय," ती सरोजिनीला म्हणाली. तिने मात्र पुन्हा गाऊन बघायला नकार दिला. "उद्या बघू. नरडं काय नळ हाय का, सोडलं की चालू?"

म्हणजे धम्मपालला रात्रभर झोप नाही. वर येरझारा चालल्या होत्या. सरोजिनीने मोजल्या म्हणते, पण ती वाढवून सांगते, माझ्यासारखी नाही.

दुसऱ्या संध्याकाळी हॉल भरला. वंदना झाली. सहादू तात्यांनी शाल घडी करून मांडीवर तयार ठेवली होती, दिसेल अशी. भिमाबाई सतरंजीवर बसली. धम्मपाल टेबलामागे उभा, एक हात लॅपटॉपवर, दुसऱ्याची नखं तोंडात. प्रफुल्लने ठेका धरला. ती गप्प. ठेका पुन्हा आला. ती गप्पच. तात्यांचा हात शालीकडे गेला.

तिसऱ्या खेपेला तिने मान हलवली आणि समेवर असा सूर टाकला की पुढच्या रांगेतल्या बायका ताठ झाल्या. दुसऱ्या कडव्यात एक शब्द तिला आठवला नाही, हे खरं आहे. तिने 'हो जी जी' करत दोन आवर्तनं काढली, डोळ्यांनी प्रफुल्लला दम दिला, शब्द पकडून आणला आणि पुढे गेली. ताल सुटला नाही. शाल मांडीवरच राहिली.

फक्त माझ्या खुर्चीवर गंमत झाली होती. बायका डोलत होत्या, आणि मला ढोलकी म्हणजे पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखी ऐकू येत होती. घुम म्हणून नाही. गाणं संपल्यावर टाळ्यांतच मी टेबल गाठलं.

"पगारे, अहो हे काय! काल माझी खुर्ची नाचत होती, आज तुमच्या बोअरला आमच्याकडे थेंब नाही."

धम्मपालने डोळे पुसले, चष्मा घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"खड्डा बुजत नाही, यज्ञेश्वरराव, फक्त सरकवता येतो. तुम्ही कार्यक्रमात ऐकता कुठे, बोलतच तर असता. म्हणून तुमच्या खुर्चीखाली सरकवला."