माजिवड्याहून निघालेले दोन डबे

मुलगी लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला ठाण्याला, नौपाड्यात माहेरी आली, तेव्हा पहिल्याच सकाळी माझ्या मनात पाल चुकचुकली. मोरीत तोंड धुताना तिने खाली परात धरली होती. परातीत साठलेल्या पाण्यात तिने पाय धुतले आणि उरलेलं नेऊन अळवाला घातलं. अंघोळीला बंबातलं जेमतेम दोन तांबे पाणी घेतलं. तांदूळ धुतलेलं पाणी मी ओतायला गेले, तर तिने माझा हातच धरला. आमच्या आवारात बारमाही आड होता. या मुलीने लहानपणी त्याचं पाणी उपसून उपसून अंगणात चिखल केला होता, आणि मार खाल्ला होता. आता ती दिवसभर पाणी पीत होती, कोणाचं लक्ष नाही असं पाहून, तांब्यामागून तांब्या.

"काय गं, हे काय चाललंय?" मी विचारलं.

"सवय लागलीये आई," ती म्हणाली, आणि करंज्यांचं सारण ढवळायला लागली.

विषय बदलणाऱ्या माणसाचं मला कधी पटलेलं नाही. जावई मारवाडात, पार जोधपूरच्या पलीकडे, विहिरींसाठी जमीन विंधणाऱ्या एका तुकडीवर होता. स्थळ आणलं तेव्हाच मी म्हटलं होतं, मुलगा फार गोड बोलतो. आमचे हे कोर्टात नोकरीला. दिवसभर खोटं बोलणारी माणसं बघूनही घरी आल्यावर सगळ्यांवर विश्वास ठेवायचे. "अगं, वाळवंट आहे ते, पाणी कमीच असणार," ते म्हणाले. मी म्हटलं, वाळवंटात माणसं राहतात ना, ती काय वाळू पितात? कमी पाणी आणि दोन तांबे अंघोळ यांत फरक आहे. मोजून देणारा हात कोणाचा तरी असतो. आणि एकदा झोपेत ती "किल्ली, किल्ली" म्हणाली होती, ते मी यांना सांगितलंच नाही.

ती परत गेली आणि मला अन्न गोड लागेना. संक्रांत झाल्यावर मी ठरवलं, जाऊन बघायचं, आणि तसंच असलं तर तिला घेऊन यायचं. कळवायचं मात्र नाही. कळवून गेलं की घर सारवलेलं दिसतं.

यांच्या ओळखीचा एक कंत्राटदार होता. त्याचा ट्रक माजिवड्याच्या वखारीतून लोखंडी पाइप घेऊन थेट त्या तुकडीच्या तळावर जायचा. आगगाडीने जोधपूरला उतरलं तरी पुढे जायला काहीच नाही, म्हणून आम्ही ट्रकनेच निघालो. बरोबर फराळाचा डबा, मोठा फिरकीचा तांब्या आणि एक ट्रंक. ट्रंक रिकामी होती. तिचे कपडे भरून आणायला घेतली होती, पण यांना मी आत लोणच्याच्या बरण्या आहेत असं सांगितलं.

ड्रायव्हर कल्याणच्या खाडीकाठचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. आम्हांला बघून त्याचा चेहरा पडला. कंत्राटदाराने सांगितलं म्हणून त्याने आम्हांला पुढे बसवून घेतलं खरं, पण माझ्या डोळ्यांतून एक गोष्ट सुटली नाही. त्याच्या सीटमागे गोणपाटाखाली पत्र्याचे दोन मोठे डबे होते, झाकणं मेणाने बंद केलेली. ट्रक हलला की आत काहीतरी डचमळायचं.

"काकी, त्या डब्यांना तेवढा हात लावू नका हां," तो म्हणाला.

झालं. आता मला दुसरं काही दिसेना. कसारा घाटात ट्रक कण्हत वर चढत होता, खाली दरीत धुकं होतं, आणि हे मला म्हणत होते, "बघ तरी काय सुंदर आहे." मी मागचा आवाज ऐकत होते. दारूबंदीचे दिवस होते. खाडीकाठी हातभट्ट्या कुठे कुठे लागतात हे ठाण्यात पोरासोरांना ठाऊक होतं.

"अहो, दारू आहे ती," मी यांच्या कानात सांगितलं.

"अगं, दारूबंदी आपल्याकडे. तिकडे नाही. इथून तिकडे दारू कोण नेईल?"

"म्हणूनच कोणाला संशय येत नाही," मी म्हटलं. ते पुन्हा दरीकडे बघायला लागले.

धुळ्याच्या पुढे मुंबई राज्याची हद्द संपत होती. नाक्यावरच्या पोलिसाने ट्रक थांबवला. मी काही बोलले नाही, पण त्या गोणपाटाकडे अशी बघत राहिले की आंधळ्यालाही कळावं. पोलिसाने एका डब्याचं मेण खरवडलं, झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारून आम्हांला सोडून दिलं. ड्रायव्हरने खिशातून मेणबत्ती काढून झाकण पुन्हा बंद केलं. तेव्हा माझी खात्रीच झाली की तो पोलीसही यात सामील आहे.

सातपुड्याचा घाट, मग नर्मदेचं खोरं, मग पुन्हा डोंगर. रात्री धर्मशाळेत नाहीतर एखाद्या देवळाच्या ओवरीत पथारी टाकायची, सकाळी विहिरीवर फिरकीचा तांब्या भरून घ्यायचा. ड्रायव्हर मात्र ट्रक सोडून कुठे झोपायचा नाही. अरवलीच्या डोंगरात दुपारच्या वेळी रस्त्यात दरड पडली होती. ती बाजूला होईपर्यंत आम्ही उन्हात बसून होतो आणि माझा तांब्या तळाला गेला. मी त्याला म्हटलं, "अरे, तुझ्या डब्यांत पाणी असेल तर घोटभर दे."

त्याने मान खाली घातली. "ते नाय देता येनार, काकी. दुसऱ्याचं हाय." मग उन्हात दोन डोंगर उतरून एका झऱ्यावरून माझा तांब्या भरून आणला. चांगुलपणाच्या आड लपणारी माणसंही मी बघितली आहेत, त्यामुळे मी पाणी प्यायले आणि मत बदललं नाही.

जोधपूर मागे पडलं आणि डोंगर संपले. झाडं खुजी झाली, मग काटेरी झाली, मग नुसती वाळू. पिठाच्या चाळणीतून पडावी तशी बारीक वाळू, टेकड्याच्या टेकड्या, आणि वाऱ्याबरोबर त्यांची टोकं जागा सोडत होती. जमीनसुद्धा जिथे एका जागी राहत नाही, तिथे मी माझी मुलगी दिली होती. मला रडू आलं. ड्रायव्हरला दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

तळावर पोचलो तेव्हा मुलगी दारात उभी होती. आम्हांला बघून ती हसली, मग तिची नजर ड्रायव्हरकडे गेली, आणि त्याने दोन्ही हात असहायपणे वर केले. हे मी बघितलं. जावई धावत आला, पाया पडला, "आई, कळवलं असतंत तर जोधपूरला आलो असतो," म्हणाला. गोड बोलणं तसंच होतं. आणि उघड्या अंगावर, जानव्याला, एक भली मोठी किल्ली लटकत होती.

आमच्याकडे रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीदेखील घ्यायचं नाही. माझ्या आईने माझ्या घरी घेतलं नव्हतं, मीही घेणार नव्हते. यांनी आल्या आल्या दोन कप चहा घेतला. मी डोळे वटारले तर म्हणाले, चहात पाणी कुठे असतं? मी बसल्या जागी विचारलं, विहीर कुठे आहे, माझं मी पाणी ओढून घेते.

"विहीर नाही इथे," मुलगी म्हणाली. "अजून लागायची आहे."

संध्याकाळी मी बघितलं. घरामागे जमिनीत बांधलेलं एक टाकं होतं, वर लाकडी झाकण, झाकणाला कडी, कडीला कुलूप. जावई गेला, कुलूप उघडलं, दोन घागरी भरल्या, कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली परत जानव्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. बायकोला पाणी कुलपात ठेवून मोजून देणारा माणूस मी डोळ्यांनी बघितला. माझ्या तांब्यात आता बोटभर पाणी उरलं होतं आणि जीभ टाळ्याला चिकटत होती. जावई कामावर गेल्यावर मी ट्रंक ओढून तिच्यापुढे उघडली.

"कपडे भर," मी म्हटलं. "ज्या घरात बाईला पाण्याची किल्ली देत नाहीत, त्या घरात माझी मुलगी राहणार नाही."

ती रिकाम्या ट्रंकेकडे बघत राहिली. मग खाली बसली.

"किल्ली माझ्याकडेच होती आई. मीच त्यांना परत दिली. ते पाणी सगळ्या तळाचं आहे, लांबून उंटावरून पखाली येतात, आणि ते मोजूनच वाटावं लागतं. दारात कोणी घागर घेऊन उभं राहिलं की मला नाही म्हणता येत नाही. दोनदा मी सगळं वाटून टाकलं आणि तळ कोरडा पडला. किल्ली परत घेऊन ते वाईट झाले सगळ्यांच्या नजरेत, माझ्यासाठी."

"आणि परातीत पाय धुणं? ते चोरून पाणी पिणं?"

"इथलं पाणी मचूळ आहे. मला बाधतं. पावसाळ्यात मी महिनाभर अंथरुणावर होते." हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. "तुला कळलं असतं तर तू न्यायला आली असतीस. आलीसच."

"मग चल ना."

"हे रोज उठून जमिनीत पाणी शोधतात, आई. मी निघून गेले तर लोक म्हणतील, याच्या बायकोलाच इथे पाणी मिळालं नाही. मग यांच्या शब्दावर कोण खोदेल?" तिचा आवाज चढला. "आणि मला इथून जायचंही नाही. तुला वाटतं मला कोणी बांधून ठेवलंय. मी राहते इथे. माझं घर आहे हे."

तेवढ्यात बाहेरून ड्रायव्हरने हाक मारली. पाइप उतरवून झाले होते. खांद्यावर एक आणि हातात एक असे ते दोन्ही डबे घेऊन तो आत आला आणि चुलीशेजारी ठेवून, माझ्याकडे न बघता निघून गेला. मुलीने मेण खरवडलं, झाकण काढलं, आणि मला वास आला नाही. कसलाच नाही.

"हे ठाण्याचं पाणी," ती म्हणाली. "त्यांनी ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, दर खेपेला माझ्यापुरते दोन डबे. माजिवड्याच्या विहिरीचं. तुला कळू द्यायचं नाही, असं मी त्याला बजावलं होतं." तिने भांडं बुडवलं आणि माझ्यापुढे धरलं. भांडं अगदी काठोकाठ भरलं होतं. "घे. हे माझ्या घरचं नाही. हे तुला चालेल."

माझा घसा सुकून लाकूड झाला होता. भांड्यातलं पाणी स्वच्छ होतं. रीत मोडत नव्हती, कोणी नाव ठेवलं नसतं, हेसुद्धा हसले नसते. पण ते एक भांडं म्हणजे तिचा एक दिवस होता. आणि ते पिऊन मी उठले असते, तर ट्रंक मिटून गेले असते तरी तिला तिच्याच घरात पाहुणी मानून गेले असते.

"ते डब्यात परत ओत," मी म्हटलं. "तुझ्या घरचं दे."

तिने भांडं डब्यात परत ओतलं, झाकण लावलं. मग कोपऱ्यातल्या माठातून तिने तांब्या भरून दिला. पाणी मचूळ होतं, खाडीच्या वाऱ्यासारखं जिभेवर बसणारं. मी सगळं प्यायले, आणि तांब्या पुन्हा पुढे केला. तिने तो भरला नाही, अर्धाच भरला. तेव्हा मला कळलं की आता ती मोजायला शिकली आहे.

ट्रंक मी तिच्याकडेच ठेवली, धान्य ठेवायला होईल म्हणून. परतीच्या वाटेवर मागच्या खेपेचे दोन रिकामे डबे ट्रकभर खडखडत होते. पुढच्या खेपेला मी ते घरी मागवून घेतले, आमच्या आडावर घासूनपुसून भरले आणि झाकणांना मेणही मीच लावलं. त्या ड्रायव्हरने ते खरंच माजिवड्याला भरले होते की वाटेत कुठे, कोणास ठाऊक. माणसाचा काय भरवसा.