अब्बांची पाण्याची कॅन

वेगळं राज्य होईपर्यंत मुंबईचं पाणी पिणार नाही, असं अब्बा एका सभेत बोलून बसले होते. राजुऱ्यात त्यांचं शिलाईचं दुकान. वेगळा विदर्भ मागणाऱ्या एका लहानशा पक्षाचे झेंडे तेच शिवायचे. मुंबईला जायचं कधी कामच पडत नव्हतं, त्यामुळे शपथ आरामात पाळली जात होती.

मग एका निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही आणि आमच्या पक्षाच्या एकुलत्या एका आमदाराचा भाव वधारला. सरकारात जायचं की बाहेरून पाठिंबा द्यायचा, याचा खल दुकानातच झाला. अब्बा मशीन थांबवून म्हणाले, "बाहेरून पाठिंबा म्हंजे लग्नाले जाऊन उपाशी वापस येणं. आत जा." सगळ्यांना पटलं. आमदार राज्यमंत्री होणार असं ठरलं आणि शपथविधीला अब्बांनी यायलाच पाहिजे, असा फोन आला.

शेजारचा चहावाला गालात हसत म्हणाला, "आता तं मुंबईचं पाणी प्या लागते भाऊ."

अब्बा चिडले. गावात हसं झालेलं त्यांना मुळीच खपत नसे. घरच्या विहिरीच्या पाण्याने कॅन भरून ते रेल्वेत बसले, सोबत मी. कॅनला त्यांनी मलासुद्धा हात लावू दिला नाही. मला हसू येत होतं आणि त्यांचा अभिमानही वाटत होता.

राजभवनात आम्हाला कोण सोडणार? दाराबाहेर उन्हात उभे राहिलो. शपथ घेऊन मंत्री बाहेर आले, अब्बांच्या गळ्यात पडले आणि म्हणाले, "घसा सुकला भाऊ, पाणी आहे काय?" अब्बांनी कॅन पुढे केली. उरलंसुरलं सगळं मंत्र्यांनी संपवलं. परतताना अब्बा तहानेने कासावीस झाले, पण मुंबई मागे पडेपर्यंत थेंब घेतला नाही. "मंत्र्याच्या पोटात आपल्या विहिरीचं पाणी गेलं," असं डब्यात सगळ्यांना सांगत होते.

पुढे मंत्री राजुऱ्याला आले. दुकानासमोर गाड्यांची रांग लागली. अब्बांनी त्याच विहिरीचं पाणी पेल्यात भरून पुढे केलं. मंत्री हात लांबवणार, तोच त्यांच्या मुंबईच्या सेक्रेटरीने सीलबंद बाटली त्यांच्या हातात दिली.

"साहेबांना बाहेरचं पाणी चालत नाही," तो म्हणाला. मंत्री बाटलीतलं पाणी प्यायले आणि पुढच्या सभेला निघाले.

अब्बा पेला धरून तसेच उभे होते. मग चहावाल्याकडे बघून त्यांना हसूच फुटलं. "आत जा म्हणून मीच तं सांगतलं होतं," ते म्हणाले आणि ते पाणी स्वतःच प्यायले.