हत्ताच्या वादीत ऐकलेला ‘हरामी’

चौथ्या खेपेला संजयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दुबईचं लायसन्स मिळालं आणि त्याच शुक्रवारी हत्ताला जायचं ठरलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुबईतल्या मनखूल भागातल्या आमच्या घरून सकाळी सातला निघालो. मागे सात वर्षांची आमची ईशा, माझ्या मांडीवर पुऱ्यांचा डबा. रस्ता सुरेख, पण मधला काही भाग ओमानच्या हद्दीतून जातो आणि तिथे आमचा इन्शुरन्स चालत नव्हता. तेवढा वेळ मी श्वास रोखूनच बसले.

वाटेत तीन दिरहमचा शवर्मा, म्हणजे पस्तीसेक रुपये. हत्ताच्या टेकड्यांवरचे दोन गोल बुरूज बघितले आणि गावाबाहेरच्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, गाडी उतरवली. डोंगरावर ढग होते.

“इथे कुठला पाऊस!” संजय म्हणाला.

डबा उघडतोय तोच काठावरून एक म्हातारा अरब काठी उगारत धावत आला. “हरामी! हरामी!”

“शिव्या कसल्या देतोय हा?” संजय ताडकन उठला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. ईशाला उचलून खांद्यावर टाकलं आणि चढ चढू लागला. मी किंचाळत मागे धावले, त्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या. तो थांबला नाही. आम्ही वर पोचतोय तोवर खाली घरघर ऐकू आली. वळणावरून मातकट पाणी आलं आणि बघता बघता गाडीच्या दारांपर्यंत चढलं.

गावातल्या मल्याळी किराणावाल्याने उलगडा केला. “मॅडम, अरबी में हरामी मतलब लुटेरा. हराम का खानेवाला.” म्हाताऱ्याच्या आजोबांच्या काळी सरहद्दीपलीकडून लुटारू याच वादीने यायचे. बुरुजावरचा पहारेकरी ‘हरामी!’ ओरडला की बायकामुलं वर पळायची. त्याच्या घरात आजही मुलांना वादीतून तीच हाक मारून बाहेर काढतात.

मी हात जोडले. “खलास, खलास,” म्हणजे झालं, सोडा, म्हणत तो पाठ चोळत हसला.

गाडी पिकअपने ओढून आणली. हत्ताला जरूर जा, पण डोंगरावर ढग दिसले तर वादीत उतरू नका. आपल्याकडे येता येता ‘हरामी’ या शब्दाची नुसती शिवी उरली. संजयच्या तोंडी ती एरवी गाडी चालवताना असायचीच, त्या दिवसानंतर मात्र मी ती पुन्हा ऐकली नाही.

घरी आल्यावर ईशा म्हणाली, “आई, यू वेअर हिटिंग दॅट आजोबा.”

“घाबरले होते गं.”

“मी टू. बट ही वॉज होल्डिंग मी सो टाइट.”