पूर्वकाठचा खडक

तळ्यावर गळ टाकायला येणारे हौशी लोक त्याला ढगोबा म्हणत, कारण माशाबद्दल काहीही विचारलं की तो आधी वर बघायचा. पासष्टी ओलांडलेला, उजव्या गुडघ्यातून पार गेलेला, तोंडाने मात्र ठणठणीत. धक्क्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत त्याचं सगळं साम्राज्य होतं: भिंतीला टेकवलेल्या काठ्या, डब्यांत भरलेली रबरी बेडकं नि प्लास्टिकचे मासे, दोरीवर वाळणारी तरंगती जाकिटं, आणि खिळ्याला टांगलेलं हवेचा दाब दाखवणारं एक जुनं यंत्र. त्याच्या काचेवर टिचकी मारल्याशिवाय तीस वर्षांत त्याने एकही होडी पाण्यात सोडली नव्हती.

यंत्राचा काटा उतरायला लागला की तळ्यातल्या बास माशाचं डोकं फिरतं, असं तो सांगायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं. एरवी हा मासा मोठा नखरेल. आमिष नाकासमोरून गेलं तरी ढिम्म हलणार नाही. पण आभाळ भरून आलं, वादळ तासाभरावर येऊन ठेपलं, की तोच मासा दिसेल त्यावर तुटून पडतो. साध्या पावसातही बरं असतं. पाण्यावर थेंब नाचत असले की वरचा माणूस त्याला दिसत नाही, आणि ओढ्यांच्या तोंडाशी गांडुळं, किडे वाहून येतात, तिथे तो तळ ठोकून बसतो. पाणी गढूळ झालं तर काळं, खडखडणारं आमिष लावायचं. आणि वादळ सरून लख्ख ऊन पडलं की सरळ गाशा गुंडाळायचा, कारण पुढचे दोन दिवस महाराज तळाशी रुसून बसतात.

याच्या जोडीला त्याचा एक नियम होता. दूर कुठेही पहिला गडगडाट ऐकू आला की गळ आत, काठ्या आडव्या आणि होडी सगळ्यात जवळच्या काठाला. मग समोर मासा उड्या का मारत असेना. पाण्याच्या मधोमध उभी काठी धरून बसणं म्हणजे विजेला हाका मारणं, असं तो बजावून सांगायचा. या नियमामुळे त्याच्या एकाही गिऱ्हाइकाचा केस वाकडा झाला नव्हता.

पण नियम ऐकताना लोक नुसत्या माना डोलवत. गोष्ट सुरू झाली की मात्र चहा निवून जाईपर्यंत कुणी जागचं हलत नसे. म्हणून ढगोबाजवळ एक गोष्ट होती.

गोष्ट अशी: बावीस वर्षांपूर्वी मोठं वादळ आलं. सगळ्या होड्या माघारी पळाल्या. एकटा ढगोबा पलीकडे, बुडालेल्या झाडांच्या खोबणीत थांबला. विजा कडाडत होत्या आणि खाली पाणी माशांनी उकळत होतं. तिथे त्याने साडेचार किलोचा बास ओढला. मग वादळ डोक्यावर आलं, तेव्हा पूर्वेच्या काठाला छपरासारखा पुढे आलेला एक खडक आहे, त्याच्या पोटात होडी घातली आणि माशाला मांडीवर घेऊन तासभर आरामात विडी ओढत बसला.

मासा खरा होता. त्याचा फोटोही भिंतीवर होता. बाकी सगळी थाप. तो मासा एका स्वच्छ सकाळी, धक्क्यावरच, चहाचं भांडं विसळताना सहज सोडून ठेवलेल्या गळाला लागला होता. आणि त्या वादळाच्या दिवशी ढगोबा घरात, दारं-खिडक्या लावून, डोक्यावरून पांघरूण घेऊन पडला होता. विजेला तो लहानपणापासून टरकून असायचा. हे एकट्या बायकोला माहीत होतं, आणि ती जाऊन सहा वर्षं झाली होती. खडक तर त्याने गोष्ट सांगता सांगताच कधीतरी उभा केला. कुणीतरी विचारलं होतं, "मग वाचलात कसे?" काहीतरी सांगणं भाग होतं. पूर्वेकडे मासाच लागत नाही, त्यामुळे तिकडे बघायला कुणी फिरकत नसे.

चार वर्षांपूर्वी मुलीचं लग्न झालं. जावई गोदामात कारकून होता. तो पाळण्यात असतानाच वडील वारलेले. तो पहिल्यांदा धक्क्यावर आला, गोष्ट ऐकली, आणि वर्षभरात गोदाम सोडून सासऱ्याच्या हाताखाली उभा राहिला. हात कसबी, डोकं शांत, बोलणं मऊ. ढगोबापेक्षा चांगली गाठ मारायचा. सासरा चारचौघांत त्याला चिडवायचा, "जावईबापू, मासा ऑफिसात नाही बसत, अर्ज करून येणार नाही तो!" आणि मनातून सुखावायचा. जावयाचा दोष एकच होता. सासऱ्याचा शब्द न् शब्द तो खरा मानायचा. आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट आता तोच सांगायचा, ढगोबापेक्षाही रंगवून.

त्या दिवशी दुपारी काटा भराभर उतरत होता. आलेलं गिऱ्हाईक म्हणजे एक दाताचा डॉक्टर. दोन खेपा रिकाम्या हाताने गेलेला, त्यामुळे इरेला पेटलेला. ढगोबाचा गुडघा सुजून टम्म झाला होता, म्हणून होडी जावयाने काढली.

"हे बघा," ढगोबा म्हणाला, "तास आहे तुमच्याकडे. पहिला गडगडाट आला की जिथे असाल तिथून काठ गाठायचा."

जावई वल्ही लावता लावता हसला. "तुम्ही तरी कुठे गाठला होता, बाबा?"

डॉक्टरही हसला आणि कौतुकाने म्हाताऱ्याकडे बघू लागला. ढगोबाच्या अगदी जिभेवर आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण परक्या माणसासमोर, जावयासमोर, या वयात! त्याने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "माझी गोष्ट वेगळी होती. तुम्ही आपले या."

ते गेले, आणि अर्ध्या तासात पश्चिमेकडे पहिला गडगडाट झाला. ढगोबा धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. होडी वळलेली दिसेना. दुसरा झाला, तिसरा झाला. मग पावसाने समोरचं सगळं पुसून टाकलं. मुलगी छत्री न घेताच धावत आली.

"आले का हो?"

"येतील. चांगला वल्हवतो तो," ढगोबा म्हणाला. प्रत्येक कडकडाटाला तो खांद्यात मान घालत होता. मुलगी ते बघत होती.

वादळ ओसरलं तशी धरणावरच्या पहारेकऱ्याने मोटरबोट काढली. "काका, तुम्हाला तळं तोंडपाठ आहे," तो म्हणाला. "कुठून सुरुवात करू?"

"पूर्वेचा काठ," ढगोबा म्हणाला.

"तिकडे? वाऱ्याच्या तोंडावर? पलीकडच्या झाडांजवळच धरणाची पत्र्याची शेड असताना तिकडे कोण जाईल? आहे काय तिथे?"

"काही नाही," ढगोबा म्हणाला, आणि कठडा धरून बोटीत उतरला.

पूर्वेचा काठ म्हणजे सपाट, बोडका माळ. आडोसा म्हणून झुडूपसुद्धा नाही. होडी चिखलात आडवी झाली होती. डॉक्टर तिच्या कडेला अंग चोरून बसला होता, दात वाजत होते, पण तो जिवंत होता. वीस पावलांवर, पाण्याच्या रेषेलगत जावई पालथा पडला होता. जाकिटाची खांद्यावरची शिवण जळाली होती. पहारेकऱ्याने गळ्याशी दोन बोटं लावली, बराच वेळ धरली, आणि काढून घेतली.

डॉक्टर बोलायचा थांबत नव्हता. "मासे काय लागत होते! मीच म्हटलं, अजून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं. मग घाबरलो, शेडकडे चला म्हटलं. तर हे म्हणाले, भिऊ नका, इथे मोठा खडक आहे, आमचे बाबा त्याच्याखाली बसले होते. काठाकाठाने आम्ही किती शोधला! शेवटी मला होडीत बसवलं आणि स्वतः उतरून चालत बघायला लागले." त्याने ढगोबाकडे पाहिलं. "कुठे आहे हो तो खडक? आम्ही चुकलो का?"

ढगोबाने अंगातलं जाकीट काढून जावयावर घातलं आणि त्याचा हात हातात घेऊन तो चिखलात बसून राहिला. परतीच्या वाटेवरही त्याने तो हात सोडला नाही.

धक्क्यावर मुलीने पाहिलं. ती तिथेच ओल्या फळ्यांवर खाली बसली आणि नवऱ्याच्या कपाळावरचा चिखल ओढणीने पुसत राहिली. माणसं पांगली. डॉक्टरला कुणीतरी गाडीत घालून नेलं. ढगोबा गुडघ्याची पर्वा न करता तिच्यासमोर बसला.

"पोरी, तो खडक नाहीये," तो म्हणाला. "कधीच नव्हता. मी गेलोच नव्हतो त्या दिवशी. मी घरात होतो, भीतीने पांघरूण घेऊन. माझ्या थापेने गेला तो."

तिने मान वर केली नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "आईने सांगितलं होतं. माझ्या लग्नाआधीच."

"मग तू त्याला..." ढगोबा म्हणाला.

"कितीदा मनात आलं. पण तुमची गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा, तुम्ही पाहिलाय ना? मला म्हणायचे, मला उशिरा का होईना, बाप मिळाला आणि असला मिळाला." ती थांबली, ओढणीचं कोरडं टोक शोधू लागली. "म्हटलं, गोष्टच तर आहे. कशाला सांगायचं."

ढगोबाने तिच्या पाठीवर ठेवायला हात पुढे केला. ती सरकली नाही, जवळही आली नाही. कोरडं टोक सापडलं नाही, म्हणून ती ओल्यानेच पुसत राहिली.