माळावरचे बिरादार

फोन आला तेव्हा मी शेतात होतो. बोअरची मोटार चालू होती आणि पलीकडचं बोलणं ऐकू येईना, म्हणून आधी मोटार बंद केली, मग फोन पुन्हा कानाला लावला. हिमायतनगरच्या आश्रमातले ब्रदर अनिल बोलत होते. "गुरुजी, आपले ब्रदर सिरिल आज सकाळी गेले. उद्या अकरा वाजता माती आहे." मी नुसतं "बरं" म्हणालो. खरं तर तसाच घरी जाऊन पिशवी उचलून निघायला हवं होतं. आमच्या गावाहून निलंगा, तिथून लातूर, मग नांदेड, मग भोकरवरून हिमायतनगर, हा एस.टी.चा सगळा दिवस खाणारा रस्ता आहे. पण उसाचं अर्धं रान भिजायचं राहिलं होतं आणि वीज संध्याकाळपर्यंतच होती. मी मोटार पुन्हा चालू केली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघालो आणि पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. माती होऊन गेली होती. ओल्या ढिगाऱ्यावर कुणीतरी झेंडूची फुलं ठेवली होती. मी चप्पल काढून उभा राहिलो... या गोष्टीला आता दोन महिने होतील. ज्यांना मी भाऊ म्हणायचो त्या माणसाच्या मातीला मी उसाच्या पाण्यापायी उशिरा पोचलो, हे आधी सांगून टाकलेलं बरं. पुढचं त्याशिवाय लिहिता येणार नाही.

ब्रदर सिरिल फ्रान्सिस्कन संघाचे व्रतस्थ होते. फादर नव्हेत, ब्रदर. म्हणजे पूजाविधी करणारे नव्हेत, हातानं काम करणारे. मूळचे मंगळूरकडचे, घरची भाषा कोकणी. आमचं गाव निलंगा आणि देवणीच्या मधे, कर्नाटकाच्या शिवेला लागून. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ, त्यावर कुसळाशिवाय काही नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी संघानं त्या माळाचा एक तुकडा घेतला, पत्र्याच्या चार खोल्यांचा आश्रम बांधला, एक विहीर खोदली आणि तिघं ब्रदर राहायला आले. त्यातले दोघं बदलत राहिले, सिरिल मात्र टिकले. उंच, काटक, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. रविवारी तपकिरी झगा, एरवी गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि हातात कुदळ. आमच्या भागात गावोगाव बिरादार आडनावाची घरं आहेत, त्यामुळं 'ब्रदर' हा शब्द लोकांच्या तोंडी फार दिवस राहिला नाही. महिन्याभरात ते बिरादार झाले. एका लग्नपत्रिकेत तर 'श्री. सिरिल बिरादार, माळ' असं निमंत्रकांत नाव छापून आलं. त्यांना त्याचा इतका आनंद झाला की ती पत्रिका ते भेटेल त्याला दाखवत होते.

सुरुवातीला गाव त्यांच्याकडं संशयानं बघायचं. मीही बघायचो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर असल्यामुळं ग्रामसभेचं लिहिणं माझ्याकडं असे. त्यांच्या पहिल्याच सभेत एकानं उभं राहून सरळ विचारलं, "तुमी आमाला किरिस्ताव कराय आलाव का?" ब्रदर मोडक्या मराठीत म्हणाले, "आमच्या संघात पाण्याला बहीण मानतात. तुमच्या गावात ती राहत नाही. पाऊस पडतो, ती येते आणि लगेच वाहून जाते. तिला घरी थांबवायचं आहे. एवढंच काम." लोक हसले, पण ते हसणं वाईट नव्हतं. बायकांनी तर तो शब्द उचललाच. हपशावर कळशी लावून उभ्या असल्या की त्या विचारायच्या, "काय बिरादार, तुमची भैन कदी येनार?" आणि ते उताराकडं हात दाखवून म्हणायचे, "तुम्ही बोलवा, ती माझं ऐकत नाही."

तिला बोलावलं ते कांबळे वस्तीनं. सुमनबाई कांबळे त्यांच्या पुढं होत्या. वस्तीतल्या बहुतेकांना जमीन नाही, दुसऱ्याच्या रानात कामाला जायचं. माळावर उतार आडवून चर खोदायचे, त्याच्या कडेनं गवत आणि झाडं लावायची, हे काम मुख्यतः या बायकांनी केलं. कडक उन्हात, तीन उन्हाळे. ब्रदर त्यांच्यात उभे राहून खोदायचे. चराईबंदी पाळायची म्हणून आश्रमानं स्वतःच्या दोन देवणी गाई दावणीला बांधून ठेवल्या आणि गवत कापून घालायला सुरुवात केली, तेव्हा गावानंही हळूहळू माळावर जनावरं सोडणं बंद केलं. कडुनिंब, सीताफळ, आपटा, बाभूळ... एकेका रोपाला ते बोटानं माती दाबायचे. चौथ्या वर्षी ऐन एप्रिलमध्ये गावच्या विहिरीत परसभर पाणी होतं. एक माणूस हात वर करून बुडेल इतकं. मी त्या गावात जन्मलो, एप्रिलमध्ये विहिरीत पाणी कधी पाहिलं नव्हतं. सुमनबाई काठावर बसून वाकून बघत होत्या. "आली की वो भैन," एवढंच त्या म्हणाल्या. ब्रदरांनी डोळे मिटून घेतले होते.

त्या वर्षी ग्रामसभेत ठराव झाला की गावात कुणी बोअर पाडायचा नाही आणि ऊस लावायचा नाही. पाणी आधी प्यायला, मग जनावरांना, मग तूर-ज्वारीला एखादी पाळी. सगळ्यांनी हात वर केले. ठराव मी माझ्या हातानं लिहिला. अक्षर चांगलं आहे म्हणून ब्रदरांनी त्याची एक नक्कल मागून घेतली.

तो ठराव पाच वर्षं टिकला. मग शिवारातल्या वरच्या रानात एकानं बोअर पाडला. विचारायला गेलो तर म्हणाला, "गुरुजी, शेजारच्या गावचे लोक आपल्या शिवेला लागून पाडायलेत. आपलं पानी ते खालून ओढायलेत. मी काय बसून बघू?" त्याचं बघून दुसऱ्यानं पाडला. उसाचे हिरवे चौकोन दिसायला लागले. माझा मुलगा लातूरला शिकून घरी परत आला होता. तो रोज जेवताना एकच बोलायचा की आपण थांबलो म्हणून पाणी थांबणार नाही, ते दुसऱ्याच्या रानात जाणार. मी त्याला वर्षभर अडवलं. नंतर अडवलं नाही. गावातला अकरावा बोअर माझा. ठराव लिहिणाऱ्याचा.

त्यानंतर पंधरा दिवस मी माळाकडचा रस्ता सोडून ओढ्याच्या बाजूनं शेतात जात होतो. एके दिवशी ब्रदरच आले. बांधावर बसले. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "किती फुटांवर लागलं?"

"साडेचारशे."

"गोडं आहे का?"

मी मोटार लावली. त्यांनी पाइपाखाली ओंजळ धरली, प्याले, ओला हात तोंडावरून फिरवला. "गोडं आहे," म्हणाले. ते रागावले असते, ओरडले असते, तर मला काही तरी बोलता आलं असतं. उठताना म्हणाले, "गुरुजी, मी पाणी आणलं नसतं तर हा ऊस आला नसता. माझं कुठं चुकलं, मला कळत नाही. तुम्हाला कळलं तर सांगा." मला कळलं नाही. आजही सांगता येणार नाही. त्यांनी पाणी आणायलाच नको होतं, असं कसं म्हणू? आणि आम्ही सगळे हावरे होतो असंही मनापासून म्हणवत नाही. प्रत्येकाकडं आपापलं कारण होतं, आणि प्रत्येकाचं कारण खरं होतं.

त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते सुमनबाईंचं बोलणं. गावची विहीर पुन्हा फेब्रुवारीत तळाला गेली, वस्तीला टँकर सुरू झाला, तेव्हा त्या आश्रमात आल्या. मी तिथंच होतो. त्या भांडल्या नाहीत. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "चर आमी खंदले, बिरादार. पानी ज्येंच्या जमिनी हायत त्येंच्या उसात गेलं. आमी कुटं चुकलाव?" म्हणजे त्यांनीही तोच प्रश्न विचारला, जो ब्रदर मला विचारून गेले होते. आम्ही तिघं एका खोलीत होतो आणि तिघांपुढंही तोच प्रश्न होता. त्यातल्या एकाच्या शेतात मात्र मोटार चालू होती.

ब्रदरांनी आणखी एकदा सभा बोलावली. सात माणसं आली. मग आश्रमाची विहीरही आटली. ते सायकलीला दोन घागरी बांधून खालून पाणी आणायचे आणि माळावरच्या झाडांना तांब्या तांब्यानं घालायचे. साठी उलटलेला माणूस. मी बोअरचं पाणी टाकीतून पाठवतो म्हणालो, तर त्यांनी मान हलवली. "ते नको. इथून गेलं तेच पाणी आहे हे." सीताफळं आधी वाळली. कडुनिंब राहिले, ते अजूनही आहेत. त्यानंतर वर्षाच्या आत संघाच्या वरिष्ठांनी त्यांची हिमायतनगरला बदली केली, तिथं जंगलाच्या कडेच्या गावांत काम सुरू होत होतं. मी म्हणालो, नाही म्हणा. ते म्हणाले, "आज्ञा पाळायचं व्रत घेतलंय, गुरुजी. नाही म्हणायचा शब्दच ठेवलेला नाही माझ्याकडं." निघताना एक पत्र्याची पेटी होती फक्त. गाई वस्तीतल्या दोन घरांना दिल्या. बस सुटताना सुमनबाईंनी खिडकीतून भाकरी-ठेच्याचं फडकं आत दिलं. मी हात वर केला. तो त्यांना दिसला की नाही, ठाऊक नाही.

तिथं त्यांनी चार वर्षं काढली. फोनवर बोलणं व्हायचं, पण विहिरीबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. मग ब्रदर अनिलांचा फोन आला की झटका आला, उजवी बाजू गेली, नांदेडच्या दवाखान्यातून परत आणलंय, येऊन भेटून जा. मी सुमनबाईंना विचारलं, त्या पोरीच्या बाळंतपणात अडकल्या होत्या. एकटाच गेलो. खाटेवर ते अगदी लहान दिसत होते. मला ओळखलं, डावा हात पुढं केला, आणि बोलायला लागले. पण मराठी गेली होती. कानडीही गेली होती. राहिली होती ती आईची कोकणी, तीही जीभ अडखळत. एक वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "बांयंत उदक आसा?" मला त्यातलं उदक तेवढं कळलं. तांब्या पुढं केला, तर त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तेच.

त्यांची सेवा करणारे एक तरुण ब्रदर गोव्याकडचे होते. ते हळूच म्हणाले, "विहिरीत पाणी आहे का, असं विचारतायत तुम्हाला."

ते वाट बघत होते... आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवलेला माणूस मी. म्हणालो, "हाय, ब्रदर. कमरेइतकं हाय." शब्द कळले की नाही, कोण जाणे. सूर कळला असावा. त्यांनी माझा हात दाबला आणि डोळे मिटले. ती आमची शेवटची भेट. परतीच्या गाडीत मी ठरवत होतो की घरी गेल्यावर मोटार काढून टाकायची. काढली नाही. मुलाचा संसार त्या उसावर उभा आहे. मी सत्तरीचा, माझं घरात चालत नाही, असं स्वतःला सांगतो. ते पूर्ण खरं नाही, हेही मला माहीत आहे.

माती झाल्यावर दोन दिवसांनी गावी परतलो आणि सगळ्यात आधी माळावर गेलो. आश्रमात आता कुणी राहत नाही. किल्ली सुमनबाईंकडं असते. त्या सकाळीच तिथं होत्या. मी ब्रदरांची खोली उघडी बघून आत गेलो. खाट उभी करून ठेवलेली, एक खुंटी, खिडकीतून कडुनिंब. आणि खाटेमागच्या भिंतीवर, खालपासून वरपर्यंत, पेन्सिलीनं लिहिलेले आकडे. त्यांच्या बारीक अक्षरात रोजची तारीख आणि आश्रमाच्या विहिरीचं पाणी, फुटांत. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी बाहेरच्या बाजूलाच बसलो, खाटेमागं कधी गेलोच नव्हतो. आकडे वाढत जाताना दिसत होते, मग कमी होताना. त्यांच्या बदलीच्या दिवशी अक्षर बदललं होतं. मोठं, वाकडं, आश्रमातल्या बायकांच्या रात्रशाळेत शिकलेलं. रोज तारीख, आणि पुढं एकच शब्द. कोरडी. कोरडी. चार वर्षं, दारापर्यंत.

"रोज मापता?" दारात येऊन उभ्या राहिलेल्या सुमनबाईंना मी विचारलं.

"हाव."

"कोरडी आहे हे माहीत असून?"

सुमनबाईंनी मापायची दोरी खांद्यावर घेतली. "मापायचं सोडलं, आन् एखाद्या दिशी ती आली, तर कोनाला कळावं?"

त्या विहिरीवर गेल्या. मीही मागं गेलो. दोरीला बांधलेला दगड खाली सोडला, तो खडकावर वाजला. त्यांनी दोरी वर ओढली, शेवटच्या हातभर दोरीला ओल लागलीय का म्हणून अंगठा फिरवून बघितला, आणि लिहायला आत गेल्या.